फ्रिजला जोडलेला नळ

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. पंगुनी या तमिळ महिन्यातल्या, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमाराच्या, दुसऱ्या बुधवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, कुंभकोणमच्या आमच्या घराच्या परसात. आमच्या चळवळीच्या पत्रकांचा नियम आहे की पहिल्या चार ओळींत कोणावर, कधी आणि कोणी हे तिन्ही आलं पाहिजे. नाहीतर लोक त्या कागदाच्या पुडीत शेंगदाणे बांधतात. तेव्हा तिसरंही सांगून टाकते. कोणी केला? मी. प्लंबरने नाही, फ्रिजच्या कंपनीने नाही, परदेशात बसलेल्या आतेभावानेही नाही. त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसा प्रयत्न मी करूनही पाहिला.

आधी घर सांगते. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. कोणे एके काळी कोणी पूर्वज राजांच्या मागोमाग इकडे आले आणि परतायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असंच चालत आलंय. मी दोन वर्षं पुण्यात शिकायला होते. तिथं तोंड उघडलं की मुली म्हणायच्या, "ए, परत बोल ना, पोथीतल्यासारखं!" मग मी बोलणं कमी केलं, त्यांची मराठी उचलली, आणि परत आले तेव्हा आत्या म्हणाली, "काय गे, रेडिओसारखी बोलूं लागलीस." म्हणजे तिथंही पाहुणी, इथंही. हे गाऱ्हाणं नाही. एवढंच कळावं, की ज्या एका माणसाशी मी न अडखळता मराठी बोलते ते माणूस म्हणजे आत्या. तिचं बोलणं थांबलं तेव्हा माझं काय थांबलं, हे त्याशिवाय कळणार नाही.

आत्या सत्तरी ओलांडलेली, एकटी. मी तिच्याकडे राहते, पण राहते म्हणजे तिथं जेवते आणि झोपते. सात वाजले की मी घराबाहेर. पाण्यासाठी आमची एक लहानशी चळवळ आहे. तलावात गटार सोडतात त्याविरुद्ध, गल्ल्यांत नळ नाहीत त्याविरुद्ध. मी पत्रकं लिहिते, तमिळमध्ये, छापून आणते, बसस्टँडवर आणि शेजारच्या तिरुभुवनमच्या विणकरांच्या गल्ल्यांतून वाटते. दिवेलागणीला घरी येते. म्हणजे दिवसभर आत्या आणि ते घर.

आणि परसातला नळ.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, सकाळी सहाच्या सुमारास, तासभर. जोर इतका कमी की कमरेएवढ्या उंचीच्या नळाला ते धड चढतच नाही. म्हणून जुन्या घरांत जमिनीत खड्डा खणून त्यात नळ बसवलेला असतो. आमचा खड्डा तीन पायऱ्यांचा. तळाशी फरशी, भिंतीतून आलेला लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला पितळी नळ. आत्या तो चिंचेनं घासायची. गल्लीत सगळ्यांत खोल खड्डा आमचा, त्यामुळे पाणी सगळ्यांत आधी आमच्याकडे येतं आणि सगळ्यांत शेवटी जातं.

म्हणून तिघी जणी यायच्या. एक फुलवाली, जी देवळाच्या रस्त्यावर मोगरा विकते. एक इस्त्रीवाल्याची बायको. आणि एक नवी सून, माहेर तिरुभुवनमच्या विणकराचं, पलीकडच्या घरात भाड्याने राहायला आलेली. परसाच्या मागच्या दाराने येत, कमरेवर कुडम, म्हणजे घागर. आत्या सहाच्या आधीपासून वरच्या पायरीवर बसलेली असे. नळाच्या पोटातून फुस्स असा वारा सुटला की ती ओरडायची, "पाणी आलें!" मराठीत. तिला वाटायचं घरातल्या माणसांना सांगते आहे. घरात माणूस कोण, तर मी, तीही चादर डोक्यावर ओढून पडलेली. पण पुढं पुढं या तिघीही तेच ओरडायला लागल्या. घरी तमिळशिवाय शब्द नाही, आणि पाणी आलं की मात्र, "पाणि आलें, पाणि आलें!" पलीकडची दोन घरंही त्या हाकेवर उठायची. सगळ्या गल्लीला एकच मराठी वाक्य येत होतं.

मग तासभर कलकल. आत्याला सगळ्या मामी म्हणायच्या, आणि फुलवाली बोलायला एक नंबर. "मामी, तुमच्या नळाला माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर जाग येते."

"तुझा नवरा पितळेचा असता तर त्याला पण चिंच लावून घासलं असतं," आत्या म्हणायची.

घागरी भरल्या की फुलवाली मोगऱ्याचा एक हात, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत मोजलेली माळ, नळाच्या मानेवर ठेवून जायची. आत्याच्या देवांसाठी. आत्या त्यांना कढीलिंबाच्या डहाळ्या द्यायची. नव्या सुनेला कुठली भाजी कशी करायची ते शिकवायची, तेही असं, "तुझी सासू शिकवणार नाही, ती स्वतःच मीठ जास्त घालते."

संध्याकाळी जेवताना हे सगळं मला मिळायचं. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, इस्त्रीवाल्याने कोणाचा सदरा जाळला, सुनेला दिवस गेलेत की काय. मी ऐकत ऐकत डोक्यात पुढचं पत्रक लिहीत असे. खरं सांगते, निम्मं मी ऐकतच नव्हते.

आत्याचा एक नियम होता. पाण्याला बोलावणं नसतं. ज्याला लागेल तो येईल, आलेल्याला नाही म्हणायचं नाही, न आलेल्याला ये म्हणायचं नाही. पुढच्या दाराचं निराळं. पुढच्या दाराने माणूस बोलावल्याशिवाय येत नाही. आला की हळदकुंकू, विड्याची पानं, ताटलीत काहीतरी. सणाला, नवरात्रात. मागच्या दाराला यातलं काही लागत नाही. रिकामी घागर असली की पुरे.

मला या मागच्या दाराचा राग होता, आणि तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. आत्या स्वतःचं पाणी आधी भरायची, मग त्यांना भरू द्यायची. त्या गेल्यावर नळ पुन्हा घासायची. त्यात जातपात होती. नव्हती असं मी इथं लिहिणार नाही. मी तिला तोंडावर म्हटलंही होतं, "आत्या, त्या बायकांना तू मागच्या दाराने का आणतेस?" ती म्हणाली, "मी कोठें आणतें? त्या येतात." मला ते उत्तर पळवाट वाटलं होतं.

आता फ्रिज.

आत्याचे गुडघे गेले होते. तीन पायऱ्या उतरायच्या, भरलेली घागर घेऊन चढायच्या. फुलवाली किंवा सून बहुतेक वेळा तिची घागर वर आणून देत, पण ते मी जमेला धरलं नव्हतं. मी आतेभावाला फोनवर सांगितलं की तुझी आई एक दिवस त्या खड्ड्यात पडेल. त्याने तिकडे बसून दोन दारांचा, कपाटाएवढा फ्रिज मागवला. दारातच पाण्याची सोय. भांडं लावायचं, पाणी येतं. दुसरं बटण, बर्फ. व्हिडिओवर त्याने तो समजावून सांगितला.

"अम्मा, आता खाली उतरायचं नाही. स्वयंपाकघरात उभं राहून गार पाणी!"

"गार कशाला? दात दुखतात."

"आणि बर्फ."

आत्याने थोडा विचार केला. "बर्फ कोणाला देऊं?"

आम्ही दोघं हसलो. ती हसत नव्हती, हे आता आठवतं.

फ्रिज बसवायला आलेल्या माणसाने तो उभा केला, पिन लावून वीज दिली, मागची जाळी दाखवली आणि खिशातून गुंडाळलेली पांढरी नळी काढून माझ्या हातात ठेवली. "भिंतीपासून फ्रिजपर्यंत आमचं काम. भिंतीपर्यंत पाणी आणणं तुमचं." बोअरचं पाणी चालणार नाही, खारं आहे, आतलं यंत्र बिघडेल. गोडं पाणी हवं, दाबाने हवं, सतत हवं. मी त्याला म्हटलं, या गावात गोडं पाणी दाबाने आणि सतत मिळत असतं तर मी पत्रकं कशाला वाटली असती? तो म्हणाला, "मॅडम, पुस्तकात तसं लिहिलंय." मी चिडले. गोडं पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गावाला सतत पाणी मागणारा फ्रिज विकायचा, आणि वर पुस्तक दाखवायचं! त्या रागात मी ठरवलं की हे आता करूनच दाखवायचं. माझे बरेच निर्णय असेच होतात.

बुधवारी मी कामाला सुट्टी घेतली. प्लंबर आला, गावातलाच, आत्याला लहानपणापासून ओळखणारा. त्याने खड्ड्यात उतरून पाइप ठोकून पाहिला. त्याचं म्हणणं असं: दाबाचं पाणी हवं तर माळ्यावर एक लहान टाकी ठेवायची. पाणी आलं की मोटर लावून ती भरायची. टाकीतून फिल्टर, फिल्टरमधून एक पितळी कॉक, कॉकपासून ही पांढरी नळी थेट फ्रिजला. मोटरला पाणी कुठून? याच खड्ड्यातून. दुसरीकडे कुठे ते चढत नाही.

"पाइप जुना आहे," तो खालून म्हणाला. "आटे गंजलेत. पण टी टाकून बघतो, तीन तोंडांचा जोड. एका तोंडाला मोटर, दुसऱ्या तोंडाला नळ. नळ राहील."

"दोन्ही एकदम चालेल?"

"नळ उघडा असला तर टाकी अर्धीच भरेल. तेवढं सांभाळायचं."

मी विचार केला. पुढच्या क्षणात मी काय विचार केला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तो मुद्दा आहे. मी विचार केला: नळ राहिला तर आत्या खाली उतरणार. नळ राहिला तर त्या तिघी मागच्या दाराने येत राहणार, आणि आत्या त्यांच्यामागे तो नळ घासत राहणार. एका दगडात सगळंच संपेल. आणि गल्लीच्या टोकाला नवा सार्वजनिक नळ आलाच होता. तो आमच्या पत्रकांमुळे आला होता. आमच्या चळवळीचं ते एकुलतं एक यश. बायकांनी आपल्या हक्काच्या नळावर भरावं. दुसऱ्याच्या परसात मिंधं का व्हावं?

"टी नको," मी म्हटलं. "नळ काढून टाका."

प्लंबरने माझ्याकडे बघितलं नाही. तो वर, पायरीवर बसलेल्या आत्याकडे बघत होता. "मामी, नळ काढू?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. "ती म्हणते तसं कर."

पावणेअकरा वाजले होते. मी हे सांगू शकते कारण प्लंबरने पाना लावायच्या आधी विचारलं, वीज कधी जाते? आमच्याकडे अकराला जायची, म्हणून मी घड्याळ पाहिलं. आट्यांनी दोनदा किंचाळी मारली आणि नळ निघाला. त्याने तो आत्याच्या पुढ्यात पायरीवर ठेवला. मानेवर आदल्या दिवशीच्या मोगऱ्याचा एक तपकिरी दोरा अडकलेला होता. संध्याकाळपर्यंत खड्ड्यावर कडप्पाची फरशी आली.

इथपर्यंतची चूक कोणाच्याही हातून होईल. पुढची फक्त माझ्याच हातून झाली.

त्या तिघींना सांगायला हवं होतं. फुलवालीचं घर चाळीस पावलांवर, इस्त्रीवाल्याची गाडी कोपऱ्यावर. पण मी माणसांना तोंडाने सांगत नाही. मी लिहून लावते. तीच सवय लागली आहे. मी ठळक अक्षरांत तमिळमध्ये एक कागद लिहिला आणि मैद्याच्या खळीने मागच्या दाराला बाहेरून चिकटवला. त्यावर होतं: या घरातील नळ कायमचा बंद करण्यात आला आहे. कृपया गल्लीच्या टोकाचा सार्वजनिक नळ वापरावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

गैरसोयीबद्दल क्षमस्व! कचेऱ्यांच्या दारावरच्या याच वाक्यावर मी किती वेळा तुटून पडले आहे. आणि तेच माझ्या हाताने, आमच्याच दारावर.

आत्याला कागद दिसला नाही. ती मागच्या दाराबाहेर कधी जातच नसे.

गुरुवारी सकाळी पाणी आलं. फुस्स झालं नाही, मोटर घरघरली. मी उठून फ्रिजपाशी गेले. पुस्तकात लिहिलं होतं की सुरुवातीचं पाणी ओतून द्यायचं. मी पातेल्यामागून पातेलं भरून कढीलिंबाला घातलं. मग एक पेला भरून आत्यापुढे धरला. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, पेला खाली ठेवला. "बरें आहे," म्हणाली. नंतर मला कळलं, ती फ्रिजमधून पाणी पितळी तांब्यात काढून अर्धा तास खिडकीत ठेवत असे, कोमट होण्यासाठी. फ्रिजने गार केलेलं पाणी उन्हाने परत तापवायचं. मी कोणालाच हे सांगितलं नाही. हसू आलं असतं लोकांना.

तिघी आल्या नाहीत. शनिवारी नाही, सोमवारी नाही.

आत्या मात्र पाण्याच्या दिवशी सहाच्या आधी उठायची. न लागणाऱ्या घागरी घासून परसात उपड्या घालायची आणि कडप्पावर जाऊन बसायची. मी विचारलं, "काय करूं लागलीस गे तिथं?" मुद्दाम तिच्यासारखं बोलून. "बसलें आहे," म्हणाली. आत मोटर चालू असायची. टाकी भरली की ती आपोआप बंद व्हायची, आणि मग परसात जी शांतता पसरायची ती मी आधी कधी ऐकली नव्हती. आधी त्या वेळी मी चादर ओढून म्हणायचे, काय हा गोंगाट!

देवांना आता तुळस आणि जास्वंद. संध्याकाळी जेवताना मी विचारायचे, "आज काय?"

"काही नाही. मोटर चालली."

दुसऱ्या दिवशी: "आज काय?"

"आज पाण्याचा दिवस नव्हता."

हळूहळू मी विचारणं सोडलं. मग आम्ही दोघी गप्प जेवायचो आणि मागे फ्रिज गुरगुरायचा. कधी मध्येच त्याच्या पोटात बर्फ कोसळायचा, धडधड. आत्या प्रत्येक वेळी दचकून मागच्या दाराकडे बघायची. हे मी दोनतीनदा पाहिलं आणि मग ताटात बघून जेवायला शिकले. माझी मराठी त्या दिवसांत चार शब्दांवर आली होती: वाढ, नको, बस्स, जाते.

एकदा मात्र तिने आपणहून बोलून दाखवलं. मी चप्पल घालत होते. "म्हणजे त्यांना पाणीच हवें होतें," ती म्हणाली. "मला वाटलें, थोडें माझ्यासाठी पण येतात."

मी म्हटलं, "माणसं अशीच असतात, आत्या." आणि कामाला गेले. माझ्या पिशवीत एकजुटीवरची दोनशे पत्रकं होती.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात मी देवळाच्या रस्त्याने चालले होते. फुलवाली तिच्या पाटीपाशी बसलेली. मला बघून तिने मान खाली घातली आणि दोरा ओवत राहिली. मी तिच्यासमोर उभी राहिले. मला राग आला होता. आत्याचं ते वाक्य डोक्यात होतं. मी म्हटलं, "अक्का, पाणी बंद झालं तर माणूसही बंद का? मामी रोज वाट बघते."

तिने ओवणं थांबवलं. "वाट बघते?"

"मग?"

"वाट बघणारी बाई दारावर नोटीस लावते?" तिचा आवाज चढला, शेजारची केळीवाली वळून बघायला लागली. "मला वाचता येत नाही. पलीकडच्या त्या नव्या सुनेने वाचून दाखवलं. कायमचा बंद! कृपया तिकडे जा! वीस वर्षं मी त्या खड्ड्यात उतरते, मामींची घागर वर आणते, आणि मला कागदावर हाकलतात? तोंडाने म्हटलं असतं, उद्यापासून येऊ नको, तर मी भांडले असते आणि परवा परत आले असते. कागदाशी कसं भांडायचं?"

"ते मी लिहिलं, अक्का. मामींना माहीतही नाही."

"तू?"

"मी. मला वाटलं, तुम्हाला मागच्या दाराने यावं लागतं, ते..."

"मागच्या दाराने यावं लागतं?" ती आता हसली, पण चांगलं हसली नाही. "अगं पोरी, पुढच्या दाराने यायला मला साडी बदलावी लागते. केस विंचरावे लागतात. काहीतरी हातात न्यावं लागतं. मागच्या दाराने मी तशीच येत होते. मामी त्यांचा नळ घासतात ते मला दिसत नव्हतं काय? दिसत होतं. त्याचं काय करायचं ते मी आणि मामी बघून घेत होतो. तुला कोणी मध्ये बोलावलं?"

ती पुन्हा दोरा ओवायला लागली.

तिथून मी सरळ घरी आले. दुपार होती. आधी मागच्या दाराचा कागद ओरबाडला. खळ पक्की वाळली होती, निम्मा कागद दाराला राहिला, "क्षमस्व"सकट. मग आत्यापुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. टीचं, नळाचं, कागदाचं. तिला टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तूं लिहिलेंस."

"हो."

"आणि त्यांना वाटलें, मी."

"हो, आत्या."

"आणि मला वाटलें, त्या..." ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. तिने उठून खिडकीतलं पाणी पाहिलं, बोट बुडवलं आणि म्हणाली, "झालें कोमट."

"तू त्यांना बोलाव ना," मी म्हटलं. "मी जाऊन सांगते. पुढच्या दाराने, सगळ्यांना, कॉफीला."

"पाण्याला बोलावणें नसतें."

"आत्या, आता तरी..."

"बोलावून आलेलं माणूस घड्याळ बघतें गे," ती म्हणाली. "घागर भरेपर्यंत बसणारं माणूस निराळें."

दुसऱ्या दिवशी प्लंबरला आणलं. कडप्पा काढताना मलाच हात लावायला सांगितलं त्याने, आणि मी लावला. आटा खरोखरच गंजला होता. त्याने पाइपचं टोक कापून नवा आटा पाडला, टी बसवली, एका तोंडाला मोटर ठेवली आणि दुसऱ्या तोंडाला तोच जुना पितळी नळ. फ्रिजला पाणी आहे. नळालाही आहे. टाकी अर्धी भरते, आणि फ्रिजला अर्ध्या टाकीचं काहीही वाटत नाही. म्हणजे हे पहिल्याच दिवशी होऊ शकत होतं. पावणेअकरा वाजता त्याने मला हेच सांगितलं होतं.

पाण्याच्या दिवशी मी पाचलाच उठले. आत्या वरच्या पायरीवर, मी तिच्या शेजारी. फुस्स झालं. आत्याने तोंड उघडलं, पण आवाज खरखरीत निघाला. बऱ्याच दिवसांत ओरडली नव्हती. मग तिने घसा साफ केला आणि पुन्हा, "पाणी आलें!"

गल्लीतून काही आलं नाही. एक कावळा, एक स्कूटर. मी तिची घागर भरून वर आणली. दुसरी भरली. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मला कोणाच्या सदऱ्याचं, कोणाच्या सुनेचं काही माहीत नव्हतं. चार वर्षं मी या गल्लीसाठी लढते आहे आणि मला गल्लीची एक गोष्ट येत नव्हती. आम्ही दोघी वाहत्या नळाकडे बघत बसलो.

तिसऱ्या पाण्याच्या दिवशी इस्त्रीवाल्याची बायको आली. मागच्या दारात उभी राहून तिने आधी दाराला चिकटलेल्या निम्म्या कागदाकडे पाहिलं, मग खाली उतरली, घागर भरली. आत्याने विचारलं, "बरी आहेस?" ती म्हणाली, "आहे, मामी." एवढंच. पण जाताना तिने आत्याची घागर वर आणून ठेवली. सुनेला खरंच दिवस गेले होते, म्हणून ती माहेरी तिरुभुवनमला गेली होती; ती बातमी त्या दिवशी कळली, आणि संध्याकाळी जेवताना आत्याने ती मला दोनदा सांगितली. मी दोन्ही वेळा ऐकली.

फुलवाली अजून आलेली नाही. मी तिच्याकडे तीनदा गेले आहे, हात जोडले आहेत. ती "बघू" म्हणते आणि मोगरा मोजते. ती गल्लीच्या टोकाला आमच्या चळवळीच्या नळावर उन्हात रांगेत उभी राहते. तिथं सावली नाही, खड्डा नाही, आणि नळ कमरेएवढ्या उंचीवर आहे, त्यामुळे पाणी करंगळीएवढं येतं. त्याविरुद्ध मी पत्रक काढणार आहेच, पण तिला मी ते देणार नाही. पाण्याच्या दिवशी आत्या पायरीवर मागच्या दाराकडे तोंड करून बसते. नळाची मान रिकामी आहे.

हे मी मराठीत लिहिलं, कारण तमिळमध्ये लिहिलं असतं तर ते परत एकदा पत्रक झालं असतं. तरी पत्रकाचा शेवट मला सुटत नाही, आणि मी तो सोडणारही नाही. तेव्हा वाचणाऱ्या, तुझ्याकडे मागणी आहे. तुझ्या गल्लीत एकटं राहणारं एक तरी माणूस आहे, आणि ते कोण हे तुला माहीत आहे. त्याच्यासाठी यंत्र घेऊ नकोस. त्याच्या दारावर काही चिकटवू नकोस. त्याला कॉफीला बोलावू नकोस, आणि त्याने बोलावण्याची वाटही बघू नकोस. उद्या सकाळी तुझ्या घरातलं एक भांडं रिकामं कर, ते घेऊन त्याच्या मागच्या दाराशी जा आणि पाणी माग. भांडं मोठं घे, भरायला वेळ लागेल असं. परवा परत जा.

आणि तू कुंभकोणमची असशील, देवळाच्या रस्त्यावर मोगरा विकत असशील, आणि हे तुला कोणी वाचून दाखवत असेल, तर अक्का, भांडायला तरी ये.